रात्रभर मुरलेलं पाणी

पहाटे साडेपाचला नागपूरच्या धरमपेठेतली आमची गल्ली अजून झोपलेली असते. मागच्या अंगणातला खालचा नळ सोडला की पहिली धार तोटीतून खडखडत येते, मग सरळ होते. निळ्या पिंपाच्या तळावर ती पडते तेव्हा आवाज खर्जात असतो. पाणी चढत जातं तसा तो वरच्या सुरात सरकतो, आणि पन्नास लिटरचं पिंप काठाला आलं हे मला न बघताही कळतं. नळ बंद करून मी पिंपावर पातळ सुती फडकं बांधतो. बांधण्याआधी एकदा वाकून वास घेतो. चाळीस वर्षं मासे पाळतो आहे. माशांवर माझा जितका जीव आहे तितकाच या पिंपातल्या पाण्यावर आहे, आणि आज मला माशांबद्दल नाही, त्या पाण्याबद्दल लिहायचं आहे.

आपल्या घरांत पाणी शिळं होतं. सकाळी नळ आला की रात्रीचं उरलेलं झाडांना ओतायचं, हंडा घासायचा आणि ताजं भरायचं, हा आई-आजीचा नेम. मासे पाळणाऱ्या घरात तो नेम उलटा होतो. तिथे ताजं पाणी कच्चं असतं, आणि ठेवलेलं पाणी शिळं होत नाही, मुरतं. लोणचं मुरतं, गवयाचा गळा मुरतो, तसंच. भाषेत 'कुठेतरी पाणी मुरतंय' असं आपण संशयाने म्हणतो, कारण जे घडतंय ते नजरेआड घडतंय. पिंपातही नजरेआडच घडतं. पण नाक, बोटं, डोळे आणि दोन-चार साधी साधनं एवढ्यावर ते ओळ न् ओळ वाचता येतं. पंचमहाभूतांत आकाशाचा गुण शब्द, वायूचा स्पर्श, तेजाचा रूप, पृथ्वीचा गंध आणि पाण्याचा गुण रस, असं आपल्या शास्त्रकारांनी सांगितलं आहे. त्यामुळे पाण्याचं रसग्रहण म्हणताना मी अलंकार वापरतो आहे असं मला वाटत नाही.

कुठलीही रचना वाचताना ती कुठून आली हे आधी पाहावं. माझ्या पिंपातली धार मुख्यतः पेंच नदीची आहे. ही नदी छिंदवाड्याकडच्या सातपुड्यातून उतरते, तोतलाडोहला अडते, खाली नवेगाव खैरीच्या जलाशयात पुन्हा थांबते, आणि तिथून आणलेलं पाणी गोरेवाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं. शहराचा दुसरा आधार कन्हान नदी. आमच्या धरमपेठेच्या उशाशी असलेला अंबाझरी तलाव एके काळी नागपूरची तहान भागवत होता. आज आम्ही त्याच्या काठाने फिरायला जातो आणि पाणी मात्र लांबून येतं. शुद्धीकरण केंद्रात तुरटीच्या जातीच्या क्षारांनी गाळ बसवतात, वाळूच्या थरांतून पाणी गाळतात आणि शेवटी त्यात क्लोरीन सोडतात. हा क्लोरीन मुद्दाम थोडा उरवलेला असतो. भारतीय मानक सांगतं की घरच्या नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन हवा. गोरेवाड्यापासून धरमपेठेपर्यंत मैलोन्‌मैल नळातून येताना कुठे सांधा गळला, कुठे घाण शिरली, तर तिला गाठायला एक रखवालदार पाण्यासोबत चालत यावा, एवढ्यासाठी.

या रखवालदाराबद्दल मासे पाळणारे पुष्कळदा रागाने बोलतात. मला ते पटत नाही. १९०८ साली अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात रोजच्या रोज क्लोरीन मिसळायला सुरुवात झाली, आणि पुढे जगभर या एका सवयीने पटकी आणि विषमज्वर मागे हटले. आपल्या नागपूरचाही या कामात मानाचा वाटा आहे. १९५८ साली इथे स्थापन झालेल्या आणि १९७४ पासून 'नीरी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विहिरींसाठी दुहेरी मडक्याची युक्ती काढली. एक किलो ब्लीचिंग पावडर आणि दोन किलो जाड वाळू किंचित ओलसर करून आतल्या मडक्यात भरायची. त्या मडक्याला गळ्याशी एक सेंटिमीटरचं भोक. ते मडकं दुसऱ्या मोठ्या मडक्यात ठेवायचं, त्याला तळापासून चार सेंटिमीटरवर तसंच भोक. वरून तोंड बांधायचं आणि दोराने पाण्याखाली मीटरभर खोल सोडायचं. साडेचार हजार लिटर पाण्याच्या घरगुती विहिरीला ही जोडी दोन-तीन आठवडे पुरते. दोन मडकी अशासाठी, की क्लोरीन एकदम न सुटता झिरपत झिरपत सुटावा. ही युक्ती आठवली की मला माझं पिंप तिच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखं वाटतं. तिथे क्लोरीन सावकाश पाण्यात येतो, इथे तो सावकाश पाण्यातून जातो. दोन्हीकडे घाई बाधते.

घाई किती बाधते हे मी दहाव्या वर्षी शिकलो. पावसाळा होता. अंबाझरीच्या सांडव्याखालच्या ओहोळात आम्ही पोरं फडकं धरून उभे होतो. माझ्या फडक्यात बोटभर लांबीचे चार मासे आले. ते मी काचेच्या बरणीत घरी आणले. ओहोळाचं पाणी गढूळ होतं. माशांना चांगलं स्वच्छ पाणी द्यावं म्हणून मी ते ओतून दिलं आणि नळाखाली बरणी काठोकाठ भरली. पाणी इतकं नितळ होतं की माशांच्या अंगावरचा एकेक खवला दिसत होता. थोड्या वेळाने ते पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. मला वाटलं, भूक लागली असेल, म्हणून मी पोळीचा चुरा टाकला. दुपारपर्यंत चारही आडवे झाले. मी त्यांना मायेने मारलं होतं.

त्या दिवशी बरणीत काय घडलं ते पुढे कळलं. माशाचे कल्ले म्हणजे रक्ताने भरलेल्या अतिशय पातळ पापुद्र्यांची कंगव्यासारखी रांग. पाणी आणि रक्त यांच्यामध्ये तिथे जवळजवळ काहीच नसतं, म्हणून तर पाण्यातला विरघळलेला प्राणवायू मासा उचलू शकतो. क्लोरीन जंतूची कातडी जशी जाळतो तशीच हे पापुद्रे जाळतो. आपण पाणी पितो तेव्हा तो पोटातल्या अन्नात आणि रसांत संपून जातो. मासा मात्र पाणी श्वासात घेतो. जे आपल्या घशाला जाणवतही नाही ते त्याच्या श्वासाला सोसत नाही. शिवाय गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असतं. त्यामुळे पाणी कल्ल्यांतून सारखं त्याच्या अंगात शिरत असतं आणि त्याची मूत्रपिंडं ते सारखं बाहेर टाकत असतात. पाणी एकाएकी बदललं की हा तोल ढळतो. ओहोळातून नळात मी एका क्षणात त्यांचा देश बदलला होता.

म्हणून आता वाचन. पहिली ओळ वासाची. ताज्या भरलेल्या पिंपावर वाकलं की नाकाच्या शेंड्याला एक बारीक, थंड, टोचरा वास लागतो. कोणाला तो पोहण्याच्या तलावाचा वाटतो, खेड्यातून आलेल्याला तो टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचा. पावसाळ्याच्या पहिल्या पुरानंतर तो जास्त जाणवतो, कारण गढूळ पाण्याला क्लोरीनही जास्त लागतो. पण नाक दहा श्वासांत सरावतं आणि खोटं बोलू लागतं. म्हणून मी ओटी टेस्टची बाटली ठेवतो, ग्रामपंचायतीचा पाणी-कर्मचारी किंवा आरोग्यसेवक वापरतो तीच. काचनळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि पांढऱ्या कागदासमोर धरायचं. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. थोडा असेल तर लिंबाच्या सालीची कोवळी झाक, जास्त असेल तर हळदीकडे झुकणारा रंग. हे रसायन अंगाला चांगलं नाही, म्हणून नळीतलं पाणी टाकीत कधीच जाऊ द्यायचं नाही आणि हात धुवायचे. पण पहाटेच्या उजेडात ती पिवळी झाक उमटताना पाहणं मला फार आवडतं. नितळ दिसणाऱ्या पाण्यानं आपलं पोटातलं सांगितलेलं असतं.

दुसरी ओळ बुडबुड्यांची. डिसेंबर-जानेवारीत ही ओळ ठळक दिसते. नळातलं पाणी दाबाखाली आणि गार असतं, त्यामुळे त्यात हवा जास्त विरघळून राहते. पिंपात येऊन दाब सुटला आणि घरातल्या उबेत पाणी तापू लागलं की ही हवा बाहेर पडायला लागते. तासाभरात पिंपाच्या आतल्या बाजूला मोहरीहून बारीक मोत्यांची जाळी धरते. बोट ओढलं तर बोटामागे मोकळी रेघ उरते आणि सुटलेले मोती वर जातात. पाहायला सुंदर, पण असं पाणी तसंच टाकीत घातलं तर तेच बुडबुडे माशाच्या कल्ल्यांत आणि परांत धरू शकतात. रात्रभर थांबलं की ही जाळी आपोआप विरते. सकाळी पिंपाची भिंत कोरी असते, आणि कोरी भिंत हीच वाचायची खूण.

तिसरी ओळ कोमट-गार यांची. नागपूरला ऋतू दोन टोकांना जाऊन थांबतात. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता. मे २०१३ मध्ये तो ४७.९ वर चढला होता. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. ते थेट माशांना घालणं म्हणजे त्यांच्यावर आधण ओतणं. म्हणून मी पहाटे, खालच्या नळाचं पाणी घेतो आणि पिंप माशांच्याच खोलीत ढकलतो. रात्रभरात पिंप आणि टाकी एकाच हवेत श्वास घेतात आणि दोघांची ऊब जुळते. मनगटाची आतली बाजू आधी टाकीत, मग पिंपात बुडवायची. फरक कळला नाही म्हणजे जुळलं. उन्हाळ्याचं आणखी एक दुखणं असं, की तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, तीस अंशांना साडेसातच. म्हणून उन्हाळ्यात पिंपात एअर स्टोन, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड, सोडतो. त्याने पाणी तळापासून वर उलथत राहतं, प्राणवायू आत येतो, क्लोरीन बाहेर जातो.

क्लोरीन जातो तो असा, पृष्ठभागावरून. म्हणून भांड्याचं तोंड रुंद हवं. अरुंद तोंडाच्या कॅनमध्ये दोन दिवस ठेवलेल्या पाण्यापेक्षा पसरट घमेल्यात एक रात्र ठेवलेलं पाणी लवकर मोकळं होतं. ऊन लागलं तर क्लोरीन काही तासांतच मोडतो, पण आमचं ऊन पाणी तापवतं आणि शेवाळही धरवतं, म्हणून मी सावलीतली सावकाश वाट धरतो. एअर स्टोन असेल तर चोवीस तास, नसेल तर अठ्ठेचाळीस. मग पुन्हा ओटी टेस्ट. या खेपेला थेंब पडतात आणि काहीच होत नाही. पांढऱ्या कागदासमोर नळीतलं पाणी पाण्याच्याच रंगाचं राहतं. कालची पिवळी झाक आठवत असते म्हणूनच आजच्या या 'काही नाही'ला अर्थ येतो. गाण्यात समेनंतरची शांतता ऐकू येते, ती आधीच्या आवर्तनामुळे. या सगळ्या वाचनातलं माझं सर्वांत आवडतं स्थळ हेच.

वेळेचं कौतुक करताना वेळेच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर रसिकता भाबडी होते. उडून जाणारं जे असतं तेवढंच वेळ नेतो. विरघळलेले क्षार तो नेत नाही. नागपुरात हे समजायला कूलर पुरतो. जूनमध्ये कूलरच्या वाळ्याच्या ताट्या उतरवल्या की त्यांच्यावर पांढरी, खरखरीत खपली चढलेली दिसते. उन्हाळाभर पाणी उडून गेलं आणि क्षार मागे राहिले. माशांच्या टाकीतही हेच होतं. उन्हाळ्यात टाकीचं पाणी बोट-दोन बोटं उतरतं, आपण वरून भर घालतो, आणि दर भरीबरोबर क्षार साचत जातात. म्हणून नुसती भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. थोडं काढायचं आणि तेवढं मुरलेलं घालायचं.

विहिरीचं आणि बोअरचं पाणी हा या भाषेतला वेगळा लहेजा. नागपूरचा पश्चिम भाग दख्खनच्या काळ्या बेसॉल्टवर बसला आहे. सीताबर्डीची टेकडी त्याच दगडाची. पूर्वेकडे जुना नाइस खडक लागतो. खडकातून झिरपत आलेलं पाणी क्षार घेऊन येतं. आमच्या जुन्या विहिरीच्या पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला तर आकडा नळाच्या तिपटीवर जातो. या पाण्यात क्लोरीन नसतो, म्हणून पुष्कळजण ते लगेच टाकीत ओततात. पण जमिनीखाली त्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. वर आल्यावर तो सुटतो, आणि रात्रभरात पाण्याची आम्लता बदलते. पहाटे मोजलेला पीएच आणि दुसऱ्या दिवशी मोजलेला पीएच एक नसतो. पिंपाच्या काठाला एक पांढरी कडी धरते ती याच घडामोडीची सही. तेव्हा क्लोरीन नसलेलं पाणीही मुरू द्यावंच लागतं. फक्त त्यातून वेगळं काहीतरी निघून जात असतं. गप्पीला असं जड पाणी मानवतं. अ‍ॅमेझॉनच्या मऊ पाण्यातली निऑन टेट्रा त्यात कोमेजते. पाणी माशासाठी बदलत बसण्यापेक्षा पाण्याला मानवणारा मासा आणावा, हे मी नवशिक्यांना नेहमी सांगतो.

भांडंही बोलतं. आपल्याकडे रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी सकाळी पितात. माशांच्या बाबतीत हा मोह टाळायचा. तांब्याचा अगदी थोडा अंश माशांना त्रास देतो, आणि गोगलगायी, कोळंब्या तर त्याने मरतात. म्हणून साधं, खाण्याचे पदार्थ ठेवण्याजोगं प्लास्टिकचं पिंप. साबण त्याला कधी लागू द्यायचा नाही. माझ्या पिंपावर रंगाने 'मासे' असं लिहिलं आहे, घरातल्या कोणी त्यात कपडे भिजवू नयेत म्हणून.

एक मर्यादा आमच्या भाच्याने शिकवली. तो अमेरिकेत असतो. मामासारखंच करायचं म्हणून त्याने तिथे बादलीत पाणी भरून चांगले सात दिवस ठेवलं, आणि तरी मासे पृष्ठभागावर येऊन तडफडले. त्याचा फोन आला तेव्हा मध्यरात्र होती. तिकडच्या अनेक शहरांत क्लोरीनसोबत अमोनिया मिसळून क्लोरामाइन करतात. डेन्व्हरमध्ये तर १९१७ पासून. क्लोरीन लांबच्या नळांत वाटेतच संपतो, क्लोरामाइन टिकतो. आणि जो टिकायलाच केला आहे तो बादलीत ठेवून जात नाही. तिथे औषधच लागतं. ते क्लोरामाइन फोडतं, आणि त्यातून सुटणाऱ्या अमोनियाचाही बंदोबस्त करावा लागतो. म्हणजे मुरवणं ही सगळीकडे चालणारी कृती नाही. आपल्या गावचं पाणी काय घेऊन येतं हे कळलेल्यालाच ती कळते.

औषधाबद्दल माझ्या मनात आकस नाही. घाईच्या वेळी मीही हायपो वापरतो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, खडीसाखरेसारखे पारदर्शक खडे. जुन्या फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत याच हायपोत फोटो पक्का करत. चांदीचे क्षार ते विरघळवतं हे जॉन हर्शेल यांनी १८१९ साली दाखवलं होतं. पाण्यात हायपो क्लोरीनला क्षणात निकामी करतं. एक मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण सात मिलिग्रॅम हायपो धरतात, म्हणजे माझ्या पिंपाला चिमटीतले मोजके बारीक खडे पुरतात. पण हायपो फक्त क्लोरीनचं काम करतं. बुडबुडे, ऊब, कार्बन डायऑक्साइड हे सगळं तसंच राहतं. मूठभर टाकून निश्चिंत झालेले लोक मी पाहिले आहेत. खडे विरघळले तरी रात्र संपलेली नसते.

आपल्या जुन्या वैद्यांना ही रात्र ठाऊक होती. सुश्रुतांनी गढूळ पाणी निवळवणाऱ्या सात वस्तू सांगितल्या आहेत, आणि त्यांत पहिली कतक, म्हणजे आपली निवळीची बी. माझी आजी माठाच्या आतून ती उगाळायची. पण त्याहून मला मोहवते ती चरकसंहितेतली हंसोदकाची कल्पना. शरद ऋतूत दिवसा सूर्याने तापलेलं, रात्री चांदण्यात निवलेलं, अगस्त्याच्या उदयाने निर्विष झालेलं आणि काळाने पिकवलेलं पाणी. त्यात त्यांनी काही घातलेलं नाही, आणि चूलही पेटवलेली नाही. काळ स्वतः स्वयंपाक करतो. त्या वैद्यांपुढे क्लोरीन नव्हता, त्यांची कारणं वेगळी होती. तरी पाणी पिकतं, आणि ते पिकण्याला अवधी लागतो, ही जाण मला फार मोलाची वाटते.

मुरलेलं पाणी आणि मुरलेली टाकी यांत मात्र गल्लत करू नये. पिंपातलं पाणी एका-दोन दिवसांत तयार होतं. नव्या टाकीला महिना-दीड महिना लागतो. माशांच्या विष्ठेतून, उरल्या अन्नातून अमोनिया सुटतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषं, तिसरं त्यामानाने सौम्य. हे जिवाणू वाळूत, फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. तो स्पंज ताज्या नळाखाली धुतला तर क्लोरीन त्या वस्तीवरही हात चालवतो. म्हणून तोही मुरलेल्या पाण्यातच पिळायचा. नायट्रेट साचत गेलं की ते बाहेर काढायला दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावं लागतं. अवघं जुनं पाणी माशाला गुदमरवतं, अवघं नवं पाणी त्याला जाळतं. तीन हिस्से ओळखीचे आणि एक हिस्सा नवा, तोही एक रात्र थांबून आलेला. माणसाच्या घरातही नवं माणूस असंच सामावतं असं मला वाटतं.

पिंपाचा मला सर्वांत मोठा आधार झाला तो २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे. त्या रात्रीच्या पावसाने अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आमच्या घरात पाणी आलं नाही, पण दिवे गेले आणि एअर पंप थांबला. अंधारात मी पिंपापाशी बसलो, आणि दर काही मिनिटांनी मगभर मुरलेलं पाणी उंचावरून बारीक धारेने टाकीत सोडत राहिलो, पृष्ठभाग फुटावा म्हणून. बाहेर पाण्याने हाहाकार केला होता. आत तेच पाणी, एक रात्र थांबलेलं, श्वास पुरवत होतं. उजाडलं तेव्हा पिंप तळाला गेलं होतं आणि मासे पोहत होते. पाण्याला किती रूपं असतात हे मी त्या पहाटे कानांनी ऐकलं.

एरवी रविवार सकाळ ही या रचनेची भैरवी. सायफनने पाव टाकी पाणी काढतो. ते पिवळसर, नायट्रेटने भरलेलं पाणी तुळशीला आणि मोगऱ्याला जातं, आणि मोगरा त्याचे आभार फुलांनी मानतो. मग पिंपातलं पाणी एअर पंपाच्या बारीक नळीतून सावकाश धारेने टाकीत सोडतो. अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात टीव्ही नाही, फोन नाही. थोड्या वेळाने टेट्रा धारेखाली येतात आणि प्रवाहाकडे तोंड करून एका रांगेत उभे राहतात. कोरिडोरास, तळाशी मिशांनी वाळू चाचपत फिरणारे ते छोटे मासे, पाणी दोन-तीन अंश गार असलं तर एकदम उत्साहाने काचेवर वर-खाली धावू लागतात. त्यांच्या मूळ देशात गार, मऊ पाणी म्हणजे पाऊस, आणि पाऊस म्हणजे अंडी घालायची वेळ. आपल्याकडे पहिल्या पुरात ओढ्यांतून उलटे वर जाणारे चढणीचे मासे ज्या हाकेला ओ देतात, तीच हाक ते या काचेच्या पेटीत ऐकतात. मी पाणी वाचतो ते चाळीस वर्षांच्या सरावाने. मासे जन्मतः वाचतात.

गेल्या महिन्यात शेजारची सातवीतली मुलगी प्लास्टिकच्या पिशवीत दोन गप्पी घेऊन आली. तिला ते त्याच दुपारी बरणीत सोडायचे होते. मी तिला पिंपापाशी नेलं. तिनं पाण्यात डोकावून विचारलं, "आजोबा, पाणी तर साफच दिसते. मग ठेवून काय होते?" मी उत्तर दिलं नाही. नळाचं ताजं पाणी एका वाटीत घेतलं आणि तिला वास घ्यायला सांगितलं. तिनं नाक मुरडलं. मग ओटीचे थेंब टाकले, आणि पिवळा रंग चढताना ती डोळे मोठे करून बघत राहिली. तिचे गप्पी मी दोन दिवस माझ्याकडे ठेवले आणि तिला तिच्या घरी रुंद तोंडाच्या टबात पाणी भरून ठेवायला सांगितलं. झाकायचं फडक्याने, आणि टब उन्हात ठेवायचा नाही.

तिसऱ्या दिवशी ती टबातलं पाणी वाटीत घेऊन आली. पायऱ्यांवर थोडं सांडलं होतं. मी ओटीची बाटली काढणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा आजोबा, आधी मी सांगते." तिनं वाटी नाकाशी धरली, डोळे मिटले, आणि चांगला वेळ घेतला. मग पाण्याचं बोट जिभेला लावलं. "आता कशाचाच वास येत नाही. आणि चव..." ती अडखळली. शब्द शोधत राहिली. "चव आहे. पण कशासारखी ते सांगता नाही येत."

आकाशातून पडणाऱ्या शुद्ध पाण्याचा रस सांगता येत नाही असा असतो, असं सुश्रुतांनी नोंदवून ठेवलं आहे. हे तिला कुठून ठाऊक असणार? मी बाटली तशीच खाली ठेवली आणि गप्पींची पिशवी तिच्या हातात दिली.